एकशेदहाच्या घरात दोनशेतीसचा हीटर

३ नोव्हेंबर, सोमवार

रागावू नकोस. रोज एक पान लिहीन असा तुला शब्द दिला होता आणि इकडे येऊन पंधरवडा उलटला तरी वही पिशवीच्या तळाशीच. फार उशीर झाला, माफ कर. आधी विमानाने कान बसले, मग पोट बिघडलं, मग चष्मा सापडेना. आणि खरं सांगायचं तर लिहिण्यासारखं काही नव्हतं तेव्हा लिहिलं नाही, आणि लिहिण्यासारखं झालं तेव्हा हात धजेना.

तू म्हणालीस तेच बरोबर. रविवारी फोनवर मी नुसतं 'ठीक आहे, ठीक आहे' करतो. काय करू, जावई शेजारी बसलेले असतात आणि फोनचा आवाज मोठा करून ठेवलेला असतो. म्हणून आतलं सगळं वहीत लिहितो. परत आलो की वाच.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणीघर. भिंतीतली विजेची भोकं बघून माझा धीरच सुटला. आपली पिन तीन जाड गोल पायांची आणि इथे नुसत्या दोन उभ्या चिरा. तू गोधडीत गुंडाळून दिलेला मिक्सर, इस्त्री आणि बादलीत टाकायचा हीटर आठवडाभर कोपऱ्यात बसून होते, न बोलावता आलेल्या पाहुण्यांसारखे. शेवटी चौकातल्या दुकानातून जोडपिन आणली. खुणा करून मागितली तर दुकानदाराला वाटलं माझा दात दुखतोय. त्याने औषधाचं दुकान दाखवलं.

पिन बसली. मिक्सर लावला तर असा घुरघुरत फिरायला लागला की जिना चढून आलाय जणू. जावई हसले. "सासरेबुवा, तुमच्या मिक्सरचा आज उपास आहे का?" मीही हसलो. मग त्यांचं हसणं एकदम थांबलं. "इथे एकशेदहाचा करंट असतो. तुमच्याकडे दोनशेतीस. एवढं कळत नाही आणि भंगार उचलून आणता माझ्या घरात." पोरगी सिंकपाशी उभी होती. तिने नळ मोठा सोडला.

५ नोव्हेंबर, बुधवार

इथली थंडी हाडात शिरते. गरम पाण्याची टाकी आहे, पण तिचं बटण जावयांच्या खोलीतल्या भिंतीच्या कपाटात, आणि कपाटाला कुलूप. किल्ली साखळीत ओवून ते गळ्यात घालतात. सकाळी त्यांची अंघोळ झाली की बटण बंद. वीज फार महाग आहे म्हणे. पोरगी गार पाण्यानेच उरकते. विचारलं तर म्हणाली, "सवय झाली अप्पा."

तिच्या दंडावर निळा डाग आहे. बोटं उमटावीत तसा. बसमध्ये दांडा लागला म्हणाली. दांडा लागून असा डाग कसा पडतो याचा मी बराच वेळ विचार केला, मग माझी रक्तदाबाची गोळी राहिली ते आठवलं.

बादलीत हीटर टाकून बघितला. सकाळी लावला तो पेपरातली सगळी चित्रं बघून झाली तरी पाणी जेमतेम कोमट. तेही माझी समजूत असावी. पिन काढली आणि तेवढ्यावर अंघोळ केली. दात वाजत होते.

९ नोव्हेंबर, रविवार

आज तुझा फोन झाला. तू विचारलंस, "मिक्सर चालतो ना नीट?" आणि मी म्हणालो, "झकास." त्यानंतर काय झालं ते लिहितो.

जावयांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "झकास चालतो काय? दाखवा बरं." पोरगी म्हणाली, "राहू द्या ना, अप्पांनी आपलं आईला बरं वाटावं म्हणून..." तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांनी मिक्सरचं भांडं उचललं आणि फेकलं. भिंतीवर फेकलं. पोरगी भिंतीपाशी उभी होती. भांडं तिच्या कानाजवळ आदळलं आणि झाकणाची कड उडून तिच्या भुवईवर बसली. रक्त डोळ्यात उतरलं. मग त्यांनी मोटर उचलली आणि दोनदा ओट्याच्या कडेवर आपटली. तांब्याच्या तारा बाहेर आल्या, कोंबडीची आतडी यावीत तशा.

"आता चालतो का झकास?" मला विचारलं.

मी मान हलवली. कुठल्या बाजूने हलवली ते आठवत नाही.

नंतर मीच पोरीला म्हणालो, "भिंतीवर मारलं गं त्यांनी. तुला चुकून लागलं." ती म्हणाली, "हो अप्पा, चुकून." ओल्या फडक्याने ती फरशीवरचं रक्त पुसत होती आणि मी पायाखालचे स्क्रू वेचत होतो. का वेचत होतो कुणास ठाऊक. म्हटलं, लागतील.

१० नोव्हेंबर, सोमवार

जावई संध्याकाळी फळांची टोपली घेऊन आले. माझ्या पाया पडले. म्हणाले, "कामावर डोक्याला फार ताप आहे हो, तुम्ही वडीलधारे, समजून घ्या." पोरीला स्वतःच्या हाताने फळ सोलून भरवलं. तिने तोंड उघडलं, चावलं, गिळलं. माणूस मनाचा वाईट नाही असं मला वाटलं. तूही असतीस तर तुलाही वाटलं असतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात. पन्नाशीच्या, अंगाने आडव्या, चालताना जिना हलतो. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना नाही, तरी रोज जिन्यात आमचं पाच मिनिटं बोलणं होतं. मी आपलं मराठीत बोलतो, त्या त्यांच्या भाषेत. दोघांचंही समाधान होतं.

मी त्यांना हीटर दाखवला, थंडीने कुडकुडून दाखवलं. त्यांनी माळ्यावरून एक लोखंडी डबा काढला. एकशेदहाचे दोनशेवीस करणारा ट्रान्सफॉर्मर. इतका जड की दोघांनी मिळून वर आणला. पोरीने दार उघडलं. नर्सबाईंनी तिची भुवई पाहिली, डबा खाली ठेवला आणि तिचे दोन्ही खांदे धरून खूप वेळ काहीतरी सांगितलं. हळू, एकेक शब्द. पोरगी खाली बघून ऐकत होती. एवढं काय समजावायचं, एका बाजूला लावायचं, दुसऱ्या बाजूने घ्यायचं. पण बाई कामसू आहेत, नीट सांगितल्याशिवाय वस्तू देणार नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार

चूक माझीच. डब्यावर भार किती घालायचा ते लिहिलेलं असतं. मी चौथी शिकलेला, आकडा वाचला पण त्याचा अर्थ लावला नाही. हीटर लावला. पाणी सणसण करायला लागलं तसा मला आनंदच झाला. मग डब्यातून मधमाशा घोंगावल्यासारखा आवाज आला, वास आला, आणि काळा धूर. छताला लावलेली धुराची घंटा जी किंचाळायला लागली ती थांबेना.

जावई झोपेतून उठून आले. आधी घंटा ओढून तोडली. मग माझ्या सदऱ्याची गळपट्टी धरली आणि मला भिंतीला टेकवलं. चष्मा पडला. तो त्यांच्या टाचेखाली गेला, एक काच फुटली. "घर जाळायला आलात?" म्हणाले. त्यांचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. पोरगी मध्ये आली. "त्यांना हात लावू नका. म्हातारे आहेत."

"मग तुला लावतो," तो म्हणाला.

हीटरची वायर दुमडून घेतली आणि मारलं. पाठीवर, मांडीवर, हात वर केला तर हातावर. मोजून मापून, जसा कुणी सतरंजी झटकतो. ती ओरडली नाही. ओरडली नाही म्हणून मला कळलं, ही पहिली वेळ नाही.

मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो होतो. मी उठलो नाही. तुला खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो. पाय होते, पण उठलो नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज तो कामावर गेल्यावर मी तिला म्हणालो, "चल, आपण घरी जाऊ. आत्ता. अंगावरच्या कपड्यांनिशी."

ती म्हणाली, "अप्पा, पासपोर्ट कुठे आहेत? माझाही आणि तुमचाही."

मला वाटलं होतं माझा बॅगेत आहे. बॅग उलटी केली. नाही. दोन्ही पासपोर्ट त्याच कपाटात, टाकीच्या बटणाशेजारी. तुमचा जपून ठेवतो म्हणून त्याने पहिल्याच दिवशी काढून घेतला होता आणि मी वर आभार मानले होते.

"किल्ली मागू त्याच्याकडे. मी हात जोडतो."

"दोन वर्षांमागे मी जोडले होते," ती म्हणाली. "अंघोळीलासुद्धा साखळी काढत नाही. झोपेत हात लावला तर जागा होतो. एकदा लावला होता." तिने डाव्या हाताची करंगळी दाखवली. ती वाकडीच आहे. लग्नात सरळ होती ना गं?

आईला कळवू नका म्हणाली. मी नाहीच कळवत, फक्त लिहितो आहे.

मग आपणहून तिने विषय बदलला, मला बरं वाटावं म्हणून. "अप्पा, तुम्ही गिरणीत लाइन कमी आली की काय करायचात?" मी सांगितलं, पिठाची चक्की एका तारेवर ओढेना की आम्ही जादाची तार घ्यायचो, मग पट्टा असा पळायचा की बघत राहावं. "इथे नाही का तसं करता येणार?" तिने विचारलं. "शेगडीमागे एक जाड भोक आहे. शेगडीला जास्तीचा करंट लागतो ना?"

मला सुचलं नव्हतं. पोरगी बापावर गेली आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

पाणी तापलं! दुकानदाराकडून मुठीएवढी जाड पिन आणली, हीटरच्या वायरला बसवली. पिनेला चार पाय, माझ्याकडे तारा तीन. दोन जोडल्या, तिसरी कुठे लावायची कळेना म्हणून गुंडाळून ठेवली. गिरणीतही ती कुणी लावत नसे. शेगडी पुढे ओढून पिन खोचली, वायर दारातून न्हाणीघरात. चहा पिऊन होईपर्यंत बादलीतून वाफा. जावई बाहेर गेला होता तेवढ्यात दोघांनी अंघोळ उरकली. पोरगी बाहेर आली तेव्हा तिचे गाल लाल होते. कित्येक दिवसांनी ती हसली. नंतर शेगडी होती तशी मागे सरकवली, हीटर माझ्या पलंगाखाली.

ती फार चौकस आहे. "पिन न काढता कुणी पाण्यात हात घातला तर काय होईल, अप्पा?" मी म्हणालो, "भलतंसलतं बोलू नकोस. आधी पिन, मग पाणी, हा नियम." "पण घातलाच तर? माणूस जातो का?" मी सांगितलं, आपल्या गिरणीत एकाला लागला होता, उडून पोत्यांवर पडला, तासाभराने उठून बसला. दुसरा एक नाही उठला. नशिबावर आहे. ती म्हणाली, "मग मी चपला घालूनच जात जाईन." शहाणी आहे. मी तिला रबरी चपला आणायला सांगितलं, तिने लगेच आणल्या.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बोटाला पट्टी आहे, अक्षर लागलं नाही तर समजून घे. माझ्या हातून माणूस मरता मरता राहिला.

संध्याकाळी बादली लावली होती. इतर दिवशी आम्ही दुपारीच उरकतो, आज तिनेच उशीर केला. जावई यायची वेळ झाली म्हणून मी घाबरलो, म्हणालो, "आवर, पिन काढतो." मी पिन काढली. मला वाटतं मी काढली. शेगडी मागे सरकवणार तोच ती म्हणाली, "अप्पा, आधी नर्सबाईंचा तो जळका डबा देऊन या. चार वेळा विचारलं त्यांनी. आत्ता जा, मी बघते इथलं." डबा जड म्हणून एकेक पायरी उतरलो. जिन्यात जावई भेटले, वर चालले होते. "काय चोरून नेताय?" म्हणाले आणि डब्याला लाथ मारली. माझं बोट चिरडलं.

नर्सबाई बोटाला पट्टी बांधत होत्या तेव्हा वरून जावयांचा आवाज आला. "पुन्हा? पुन्हा हे थेर माझ्या घरात?" मला कळलं, हीटर दिसला. आता उचलून फेकणार. आपलं जे जे आणलं ते त्यांनी उचलून फेकलंच आहे. मी पायरीवर पोचलो तोवर एक आवाज झाला, माणसाचा नव्हे, बैलाचा वाटावा असा. मग धाडकन काहीतरी पडलं. सगळ्या घराचे दिवे डोळा मारल्यासारखे लुकलुकले.

नर्सबाई माझ्याआधी वर पोचल्या. न्हाणीघरभर पाणी. जावई टबाच्या कडेवर डोकं आपटून पडलेले, उजवा पंजा काळा, बोटं वळलेली, तोंडातून फेस. मांस करपल्याचा वास. पोरगी रबरी चपला घालून दारात उभी आणि जाड पिन तिच्या हातात. तिनेच उपटली म्हणून जीव वाचला. नाहीतर मेन बटणही त्या कुलपातल्या कपाटात, आम्ही करणार काय होतो?

नर्सबाईंनी त्यांची छाती दाबायला घेतली. पोरगी गुडघ्यावर बसली आणि त्यांच्या गळ्यातली साखळी सोडवली. घाई नाही, घबराट नाही. बेशुद्ध माणसाच्या गळ्याशी काही आवळलेलं ठेवू नये हे तिला बरोबर ठाऊक. मी नुसता "देवा, देवा" करत होतो.

ते श्वास घेऊ लागले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

इस्पितळात हवालदार आला. मी त्याला सगळं खरं सांगितलं. मी अडाणी, मी तिसरी तार सोडली, मी शेगडीच्या भोकातून करंट घेतला, पिन काढली असं वाटतं पण म्हातारपणी भरवसा नाही, मला धरा. पोरगी त्याला त्याच्या भाषेत सांगत होती. मी एवढं बोललो आणि तिने ते दोन वाक्यांत आटोपलं. नर्सबाई मध्येच पुढे होऊन काही बोलल्या आणि पोरीची बाही वर सारून वळ दाखवले. हवालदाराने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि निघून गेला. इथला कायदा मला समजत नाही.

जावयांना अजून बोलता येत नाही. पंजाची दोन बोटं कापावी लागतील म्हणे. मी त्यांच्या पायाशी बसलो. पोरगी दाराबाहेरच उभी राहिली.

३० नोव्हेंबर, रविवार

ती आज गेली.

सकाळी माझा पासपोर्ट माझ्या हातात ठेवला. माझी बॅगही भरून ठेवली होती. "चला अप्पा. दुपारचं विमान आहे. नर्सबाईंच्या ओळखीच्या बायकांनी दोन तिकिटं काढून दिली आहेत."

मी म्हणालो, "माणूस माझ्या चुकीने तिथे पडलाय, बोटं गेली त्याची, आणि मी पळून जाऊ? तो घरी आला की हात जोडून माफी मागतो, मग येतो."

"तुमची चूक नाही हो अप्पा."

"मग कुणाची?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या गळ्यात पडून रडली, लहानपणी ताप आला की रडायची तशी. इतक्या मारात रडली नव्हती ती. "तो तुम्हाला मारेल," म्हणाली.

"म्हाताऱ्याला काय मारायचं? तू पुढे हो. आईला म्हणावं, मी मागून येतोय." ती हलेना, तेव्हा मी आवाज चढवला. जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. "नीघ म्हणतो ना! विमान तुझ्यासाठी थांबणार आहे का?" नर्सबाईंनी तिला गाडीत बसवलं. मी खिडकीत उभा होतो. तिने वर पाहिलं नाही, बरं झालं.

१ डिसेंबर, सोमवार

इस्पितळातून त्याचा फोन आला. आवाज घोगरा आहे, पण बोलतो नीट. "ती कुठंय?"

मी म्हणालो, "बाजारात गेली आहे."

"साखळी कुठंय माझी?"

"मला काय ठाऊक? इस्पितळात काढून ठेवली असेल."

"उद्या सोडतायत मला. एक हात पुरे आहे तुम्हा दोघांना."

फोन ठेवला तेव्हा मला जाणवलं की मी त्याची माफी मागायची विसरलो. अजून विसरलोच आहे. नर्सबाई वर येऊन माझा हात धरून ओढत होत्या, खाली चला, खाली चला अशा खुणा करत. मी त्यांना मराठीत सांगितलं, बाई, घर रिकामं दिसलं की तो लगेच विमानतळाकडे फोन फिरवील, ओळखीपाळखी काढील. आपली पोर दोन विमानं बदलून, पुढे गाडीने घरी जाणार, ती अजून वाटेत असेल. मी घरात असलो तर तो आधी मला विचारत बसेल. मी सांगेन बाजारात गेली, मग सांगेन दवाखान्यात गेली, मग सांगेन माझ्या लक्षात नाही. म्हाताऱ्याला काय, काहीही आठवत नाही. तेवढाच वेळ जाईल. त्यांना समजलं की नाही देव जाणे. त्या माझ्याजवळ खुर्ची घेऊन बसल्या आहेत, उठायला तयार नाहीत.

मी दाढी केली. धुतलेला सदरा घातला. आतून कडी लावली आणि दारासमोर पलंग ओढून ठेवला. छाती धडधडते आहे, पण पाय चांगले आहेत.

ही वही तुझ्या हाती कधी पडेल, पडेल की नाही, सांगता येत नाही. तरी लिहितो. ती दारात आली की आधी तिला काही विचारू नकोस, नुसतं जेवायला वाढ. आणि कुणाकडून तरी खालच्या नर्सबाईंच्या फोनवर कळव, तिला नंबर ठाऊक आहे. जास्त काही नको. पोचली, एवढंच. बायको, उशीर करू नकोस गं, लगेच कळव.